मालतीताईंच्या साठ गोळ्या

मालतीताई उदगीरकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या सतरंजीवर पालथ्या पडून, रायफल खांद्याला लावून समोरच्या कागदावर नेम धरत होत्या. चाप ओढत होत्या, आणि कागदावर एकही भोक पडत नव्हतं.

लग्नानंतर पुण्याहून हैदराबादला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये मला नेमबाजीचा नाद लागला होता, म्हणून नवऱ्याने चौकशी करून एका रायफल क्लबचा पत्ता आणला. क्लब म्हणजे गोलकोंड्याच्या पलीकडे, खडकांच्या माळावर पत्र्याची एक लांब शेड, पन्नास मीटरवर मातीचा उंच बांध, आणि बाजूला बंदुका ठेवायची दगडी खोली. त्या रविवारी सकाळी शेडमध्ये त्या एकट्याच होत्या. 'टक्' असा बारीक आवाज यायचा. मग त्या थोडा वेळ तशाच पडून राहायच्या, पुटपुटायच्या आणि पेन्सिलीने वहीत एक आकडा लिहायच्या. शेजारी लाकडाचा एक ठोकळा होता. त्याला दहा-दहाच्या सहा रांगांत भोकं पाडलेली आणि प्रत्येक भोकात काडतुसाची एक रिकामी पुंगळी.

मी दुर्बिणीतून कागद पाहिला. कोरा होता. न राहवून म्हटलं, "अहो, तुमचा एकही लागला नाही."

त्यांनी मान न वळवता विचारलं, "मराठी का तू? ये, बस. लागंल कसा? गोळी कुठाय त्यात?"

"मग आकडे कसले लिहिताय?"

"आता आठ होती. खाली गेली, थोडी उजवीकडं." त्यांनी बोल्ट, म्हणजे रायफलीची मागची खिट्टी, उघडून पुंगळी बाहेर काढली, जागेवर ठेवली आणि दुसरी घेतली. "चाप सुटताना नळी कुठं होती ते आपल्याला दिसतंच की. भरलेल्या बंदुकीत आपली चूक आवाजात दडून जाती. रिकामीत तिला दडायला जागाच नसती."

त्या दिवशी त्यांनी साठच्या साठ पुंगळ्या तशा 'झाडल्या'. दीड तास लागला. उठल्या, अंगातलं जाड जाकीट काढलं, दगडी खोलीच्या मागे जाऊन पँट बदलून साडी नेसून आल्या, आणि मला म्हणाल्या, "सहाशेत पाचशे एकाहत्तर झाले. आज बरं होतं." मला हसू आलं होतं. ते मी दाबलं, पण त्यांच्या लक्षात आलं असावं.

मालतीताई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. उंच, हाडापेराने मोठ्या, केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांना जाड काड्यांचा चष्मा. पाटबंधारे खात्यात नकाशे उतरवून काढायचं काम करत. पारदर्शक कागदावर शाईने कालव्यांच्या रेषा ओढताना श्वास कुठे रोखायचा आणि कुठे सोडायचा हे त्यांना नोकरीतच कळलं होतं. ऑफिसच्या क्रीडा दिनाला कुणीतरी त्यांच्या हातात छऱ्यांची बंदूक दिली आणि तिथून हे सुरू झालं. निजामाच्या काळात त्यांचे आजोबा उदगीरहून हैदराबाद शहरात नोकरीसाठी आले, ते इथेच राहिले. त्यामुळे त्यांचं मराठी घरचं होतं, पण त्यात दखनीतलं 'हौ' आणि 'नक्को' सहज यायचं. माझं पुणेरी ऐकून त्या म्हणत, "तुझं बोलणं रेडिओवाणी आहे गं नीला. बातम्या सांगायल्यासारखं."

क्लबातल्या गोळ्यांची गोष्ट सांगायला हवी. आम्ही वापरायचो ती पॉइंट टू-टूची बारीक काडतुसं. स्पर्धेच्या दर्जाची काडतुसं परदेशातून येत. त्यासाठी आयातीचा परवाना लागे, परकी चलन लागे, मग ती वरून खाली वाटत वाटत आमच्या क्लबपर्यंत पोचत. मी आले तेव्हा माणशी महिन्याला एक पन्नासाची पेटी मिळे. नव्वद सालच्या आसपास ती दोन महिन्यांनी मिळू लागली. मग पेटीऐवजी वीस गोळ्या. मग दहा. मग नुसताच निरोप. देशाकडेच परकी चलन उरलेलं नाही, असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती. त्यात आमच्या छंदाला कोण विचारतो? देशी काडतुसं होती, पण एक उंच जाई, एक खाली, आणि तीही महिनोन्महिने येत नसत.

दगडी खोलीचा कारभार रझाकसाहेबांकडे होता. फौजेतून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, कायम इस्त्रीचा सदरा. रविवारी मालतीताई आल्या की आधी त्यांच्या दारात जाऊन नुसत्या उभ्या राहत. विचारत काही नसत. रझाकसाहेब मान हलवत. "नै आए आपा. जहाज में हैं बोले."

"हौ," मालतीताई म्हणत आणि सतरंजी पसरत.

ते जहाज चार वर्षं समुद्रातच होतं.

बाकीच्यांनी आपापले मार्ग शोधले. क्लबचे सेक्रेटरी रावगारू दातांचे डॉक्टर होते. त्यांनी रायफल ठेवून दिली आणि रविवारी टेनिस खेळायला जाऊ लागले. भेटले की हात उडवून म्हणत, "स्टॉक लेदु, अम्मा. मालच नाही. काय करणार?" काहीजण छऱ्यांच्या बंदुकीकडे वळले. मीही वळले. दहा मीटरवरचा तो खेळ वेगळा होता, पण निदान कागदाला भोक तरी पडे. काही नुसतेच यायचे बंद झाले. शेडमध्ये गवत वाढलं, बांधाची माती पावसात खचली ती कुणी भरली नाही. मालतीताई मात्र आपली परवान्याची रायफल पिशवीत घालून, दोन बस बदलून दर रविवारी येत राहिल्या. रिकाम्या पुंगळीवर घोड्याची सुई आपटून आपटून ती चेपून जाई, म्हणून त्या प्रत्येक वेळी ती थोडी फिरवून घालत. पुंगळी चारी बाजूंनी चेपली की दुसरी घेत.

एकदा मी विचारलं, "कंटाळा येत नाही?"

"येतो की. पण उद्या आली गोळी आणि हात तयार नसला, तर?"

त्यामागचं कारण मला पुढे कळलं. मी येण्याच्या आदल्या वर्षी राज्याच्या स्पर्धेत त्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेला तीन गुणांनी हुकल्या होत्या. ते तीन गुण त्यांना पाठ होते. कितवी गोळी, कुठे लागली, तेव्हा काय मनात आलं, सगळं. सत्तेचाळिसावी गोळी सोडताना दादांचं औषध संपलंय हे आठवलं, असं त्यांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं. त्यानंतर काडतुसंच नाहीत म्हणून राज्याची स्पर्धाच भरली नाही. एक वर्ष नाही, लागोपाठ चार वर्षं.

दादा म्हणजे त्यांचे वडील. गौलीगुड्यात, बाजाराच्या गर्दीतून आत गेलेल्या एका बोळात दोन खोल्यांत हे दोघं राहत. दादा कोर्टात उर्दू कागदांचे तर्जुमे करत. आता जवळजवळ बहिरे झाले होते. मालतीताईंचं लग्न का झालं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. रोज ऑफिसातून आल्यावर, स्वयंपाकाच्या आधी, त्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर पडून भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्यावर नेम धरत. नळीच्या टोकावर शर्टाचं एक बटण ठेवलेलं असे. चाप ओढल्यावर ते पडता कामा नये. दादा आरामखुर्चीत बसून त्या बटणाकडे टक लावून पाहत. बटण थरथरलं की बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणत, "हललं."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दादांनी मला जवळ बसवून तक्रार केली. "पोरगी येडी झालीय. बंदूक आहे, गोळी नाही. कमसे कम मांजर तरी पाळायचं."

"मांजराला काय साठ वेळा हलू नको म्हणता येतं का दादा," मालतीताई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या. म्हातारा मनापासून हसला. त्या घरात हसणं ऐकलेलं मला आठवतं ते तेवढंच.

मग दिवस बदलले. हिमायतनगरच्या आमच्या रस्त्यावर एकेक नवं दुकान उघडू लागलं. परदेशी चॉकलेटं, परदेशी साबण, डब्यातलं चीज, रंगीत टीव्हीचे मोठमोठे खोके. छतांवर केबलच्या तबकड्या उगवल्या. एका संध्याकाळी मालतीताई माझ्याकडे आल्या होत्या, त्यांना बसला पोचवायला मी निघाले होते. त्या एका दुकानाच्या काचेसमोर थांबल्या. आत टिनाच्या डब्यांत स्वित्झर्लंडची बिस्किटं मांडली होती. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"हे सगळं जहाजानंच आलं ना गं?"

"हो."

"मग आमचं जहाज कुठं बुडालं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "देश उघडला म्हणतात. मी रोज पेपरात शोधते. घड्याळं आली, मोटारी आल्या. माझ्या बोटाएवढं काडतूस येईना."

त्या चार वर्षांत गोळ्या अगदीच मिळाल्या नाहीत असं नाही. सहा-आठ महिन्यांतून कधी दहा, कधी पंधरा मिळत. आम्ही बाकीचे त्या अर्ध्या तासात उडवून मोकळे होत असू. मालतीताई त्यातली एकही वापरत नसत. पेटीवरचा उत्पादनाचा क्रमांक बघून एकाच क्रमांकाच्या गोळ्या बाजूला काढत आणि वेगळ्या क्रमांकाच्या आल्या तर आमच्याशी अदलाबदल करून घेत. एका क्रमांकाच्या गोळ्या एकसारख्या जातात. तांदळाची पुरचुंडी घातलेल्या डब्यात त्या ठेवलेल्या असत, दमट हवा लागू नये म्हणून. साठ स्पर्धेच्या आणि पंधरा अंदाज घ्यायच्या, अशा पंचाहत्तर त्यांना हव्या होत्या. पंचाहत्तर पुऱ्या व्हायला पावणेतीन वर्षं लागली.

"मधे एखादी तरी उडवून बघा," मी म्हणायची. "हाताला सवय राहील."

"एक उडवली तर चौऱ्याहत्तर राहतील," त्या म्हणायच्या.

अखेर एका हिवाळ्यात राज्याची स्पर्धा जाहीर झाली. ज्याने त्याने आपल्या गोळ्या आणाव्यात, अशी अट होती. ज्यांच्याकडे गोळ्या होत्या असे स्पर्धक सगळे मिळून अकरा निघाले. बायकांत तीन. मालतीताईंनी जाकीट नव्याने शिवून घेतलं. गौलीगुड्यातला रिक्षांच्या सीटा शिवणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून कोपरांना दुहेरी कातडं लावून घेतलं. दादा तोपर्यंत अंथरुणाला खिळले होते. शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून त्या आल्या. सकाळी थंडी होती, वारा नव्हता. असा दिवस नेमबाजाला वर्षातून चार वेळा मिळतो.

तेव्हा प्रत्येक नेमबाजाच्या मागे एक नोंद ठेवणारा बसे. मालतीताईंच्या मागे मी होते. माझ्यापुढे दुर्बीण आणि तक्ता. नोंद ठेवणाऱ्याने बोलायचं नाही, खूण करायची नाही. रझाकसाहेबांनी शिट्टी वाजवली आणि दीड तासाची वेळ सुरू झाली.

अंदाजाच्या गोळ्या त्यांनी पटापट घेतल्या. मग पहिल्या दहा. दुर्बिणीत मी पाहत होते. नऊ गोळ्या मधोमध आणि एक अगदी कडेला चाटून. शंभरात नव्व्याण्णव. क्लबात असे आकडे मी कुणाचे पाहिले नव्हते. दुसऱ्या दहाही तशाच गेल्या.

एकविसाव्या गोळीला त्यांनी नेम धरला, बराच वेळ धरला, आणि रायफल खाली घेतली. पुन्हा धरला. पुन्हा खाली. मग बोल्ट उघडून ती गोळी बाहेर काढली, तिच्याकडे पाहिलं आणि ठोकळ्यात परत ठेवून दुसरी घेतली. मला वाटलं, गोळीला काही खोट दिसली असेल. पण पुढच्या गोळीलाही तेच. एकेका गोळीला दोन मिनिटं, मग तीन, मग चार. सुटेल ती बहुतेक दहावरच बसत होती. पण सुटत नव्हती. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. थंडीत.

"आधा घंटा बाकी," रझाकसाहेबांनी पुकारलं. मालतीताईंकडे पस्तीस गोळ्या उरल्या होत्या. तरीही होण्यासारखं होतं. मिनिटाला एक-सव्वा म्हणजे काही घाई नव्हे.

"दस मिनट." पंचवीस गोळ्या उरलेल्या. बाकीचे दहाजण उठून सामान आवरत होते. शेडमध्ये त्या एकट्याच पालथ्या. त्यांनी रायफल खाली ठेवली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मी ओठ घट्ट दाबून धरले होते. रझाकसाहेब माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे. त्या दहा मिनिटांत सहा गोळ्या सुटल्या. सातवीचा नेम धरलेलाच होता, आणि शिट्टी वाजली.

एक्केचाळीस गोळ्या, चारशे तीन गुण. ठोकळ्याच्या शेवटच्या दोन रांगांत एकोणीस गोळ्या चकचकीत उभ्या होत्या. त्या एकोणीस त्यांनी आठ-आठ गुणांच्या जरी टाकल्या असत्या तरी पात्रतेचा आकडा गाठला असता.

रझाकसाहेब जवळ आले. "आपा," एवढंच म्हणाले.

आम्ही शेडच्या मागे एका मोठ्या खडकावर जाऊन बसलो. थर्मासमधला चहा मी ओतला, तो त्यांनी हातात धरून ठेवला.

"सोडवेना गं. वाटायचं, ही याच्यापेक्षा चांगली सुटंल. जरा थांबावं. थांबलं की वाटायचं, वाया गेली तर परत मिळायची नाही. बोट वळायचंच नाही मग."

"रिकाम्या तर तुम्ही रोज साठ सोडता."

"रिकामी संपत नाही ना," त्या म्हणाल्या. चहा गार झाला होता. त्यांनी तो खडकाच्या कडेला ओतून टाकला आणि कप नीट पुसून मला परत दिला.

दोन महिन्यांनी दादा गेले. मी भेटायला गेले तेव्हा भिंतीवरचा काळा ठिपका तसाच होता. आरामखुर्ची घडी करून ठेवलेली होती.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी काडतुसं आली. खोकेच्या खोके आले. नियम बदलले होते, परवाने सुटले होते, हव्या तेवढ्या पेट्या घ्या, असं झालं. रझाकसाहेबांनी मला घरी फोन केला. मी त्याच दुपारी गौलीगुड्याला गेले. मालतीताई कणीक मळत होत्या.

"आली का," त्या म्हणाल्या. कणीक मळून झाल्यावरच उठल्या.

रविवारी रझाकसाहेबांनी पाच पेट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. सतरंजी पसरली. त्यांनी गोळी भरली, नेम धरला, आणि रायफल खाली घेतली. अडीचशे गोळ्या शेजारी होत्या, तरी तेच. तासाभरात त्यांनी नऊ गोळ्या सोडल्या. मग ठोकळा काढला आणि रिकाम्या पुंगळ्यांवर सरसर वीस नेम धरले. प्रत्येक वेळी हात दगडासारखा स्थिर.

पुढचे तीन-चार महिने आम्ही नाना उपाय केले. शेवटी मला एक युक्ती सुचली. त्यांनी डोळे मिटून घ्यायचे, गोळी मी भरायची. कधी भरलेली, कधी रिकामी. कोणती आहे ते त्यांना कळणारच नाही, म्हणजे बोट आपोआप सुटेल. पहिली मी रिकामी भरली. सुटली. दुसरी रिकामी. सुटली. तिसरी भरलेली घातली आणि बोल्ट त्यांनी स्वतःच्या हाताने लावला. डोळे मिटलेलेच होते.

"ही भरलेली आहे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"बोल्ट लावताना शेवटी जरा दाटून बसतो. केसाएवढा. रिकामीला तसं होत नाही." त्यांनी डोळे उघडले. "कशाला उगीच नीला. माझ्या हाताला मी फसवू शकत नाही. त्याला मीच शिकवलंय."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. मालतीताई रविवारी येत, पण गोळ्या घेत नसत. रझाकसाहेबांपाशी बसून चहा पीत, नव्या लोकांचं जाकीट कुठे सैल आहे ते सांगत. नवे लोक बरेच आले होते. सॉफ्टवेअर कंपन्यांतले, हातात पैसे असलेले, चांगली मुलं-मुली. आमच्या खडकाळ माळाच्या आसपास जमिनी मोजल्या जाऊ लागल्या होत्या. क्लबचा भाडेपट्टा वाढवून मिळणार नाही, असं रावगारू सांगत होते.

बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण आलं तेव्हा मालतीताईंनी रायफल विकायचं ठरवलं. घेणारा एक तरुण इंजिनिअर होता, परवाना हातात असलेला, हसरा. घ्यायच्या आधी चालवून बघतो म्हणाला. मालतीताईंनी त्याला पट्टा दंडाला कसा घालायचा ते दाखवलं आणि मागे माझ्याजवळ येऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

त्याने पन्नासची पेटी फोडली आणि पंधरा-वीस मिनिटांत संपवली. मधे मित्राशी बोलत होता, एकदा शिंकलाही. पुंगळ्या सतरंजीवर उडून पडत होत्या. नेम बरा होता. दुसरी पेटी त्याने नुसती मजा म्हणून फोडली.

मालतीताई वाकल्या आणि त्यांनी नुकतीच पडलेली एक पुंगळी उचलली, लगेच दुसऱ्या हातात घेतली, मग परत पहिल्या.

"गरम असते," त्या मला म्हणाल्या. "विसरलेच होते मी."

तो मुलगा उठला. "मॅडम, एकदम मस्त आहे. नळी तर नवीच वाटते. वापरली नाही का फारशी?"

"नाही," मालतीताई म्हणाल्या. "फारशी नाही."

मालतीताई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही पुण्याला परत आलो होतो. रझाकसाहेबांचा मुलगा पुण्यात कामाला आला होता, त्याच्याकरवी निरोप आला. सकाळी ऑफिसला निघताना दारातच पडल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. क्लब तोवर राहिला नव्हता.

पण मला सारखी आठवते ती हैदराबाद सोडण्याच्या आदल्या दिवशीची भेट. मी निरोप घ्यायला गौलीगुड्याला गेले होते. त्यांनी माझ्या आवडीचा खट्टा भात केला होता. जेवणं झाली, इकडचं तिकडचं झालं. निघता निघता माझ्या मनात इतकी वर्षं अडकून राहिलेलं मी बोलून टाकलं. त्या स्पर्धेनंतर वर्षभराने मी नियमांचं पुस्तक वाचलं होतं. नोंद ठेवणारा मागून बोलला तर पहिल्यांदा नुसती ताकीद देतात. दुसऱ्यांदा दोन गुण कापतात. बस एवढंच. मला वाटलं होतं, मी बोलले तर त्यांना स्पर्धेतून बाद करतील. म्हणून मी गप्प बसले.

"मी नुसतं 'सोडा' म्हटलं असतं," मी म्हणाले, "तर काही फरक पडला असता का हो?"

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, नाही गं, तुझा काय दोष. तेच ऐकायला मी गेले होते बहुधा.

त्या माझ्यासाठी लोणच्याची बरणी कागदात गुंडाळत होत्या. त्यांनी आधी दोरीची गाठ मारली.

"मी वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दहा मिनिटांत. वाटत होतं, मागून तू काहीतरी बोलशील."

मग बरणी माझ्या हातात दिली आणि ती आडवी करू नको, तेल सांडेल, असं सांगून बोळाच्या तोंडापर्यंत मला पोचवायला आल्या. मी रिक्षात बसले. त्यांनी रिक्षावाल्याला नामपल्लीचा रस्ता बंद आहे, दुसऱ्या बाजूने घे, असं बजावलं. रिक्षा सुरू झाल्यावर मी मागे वळून पाहिलं. त्या परत निघाल्या होत्या, पदर खांद्यावर घेऊन, नेहमीच्या संथ चालीने.